वायर गरम का लागते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता लिहिणाऱ्या माणसानं विजेचा हिशोब सांगावा, हे ऐकायला थोडं विचित्र वाटेल. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी शेवटची गाठ दहावीच्या परीक्षेत पडली आणि त्यानंतर आम्ही दोघांनीही एकमेकांची विचारपूस केली नाही. पण एका पहाटे आमच्या घरात जे घडलं, त्यामुळं मला एक भागाकार आणि एक गुणाकार शिकावा लागला. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे. शक्य असेल तर हाताशी एखादा कागद आणि पेन्सिल ठेवा. वर्तमानपत्राचा समासही चालेल.

गोष्ट जानेवारी १९९९ मधली. त्या वर्षी सोलापुरात रमजान आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा एकाच महिन्यात आली होती. आम्ही एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. पहाटे सहरीला उठल्यावर अम्मीला वजूसाठी गार पाणी सोसत नसे, म्हणून मी पाणी तापवायचा रॉड विकत आणला. १५०० वॅटचा. मोरीजवळ सॉकेट नव्हतं. घरात एक एक्स्टेन्शन बोर्ड होता, तो मीच बनवलेला. दिव्याला वापरतात ती पिळाची बारीक वायर, एका टोकाला प्लग आणि दुसऱ्या टोकाला लाकडी ठोकळ्यावर बसवलेलं सॉकेट. आमची ७५० वॅटची इस्त्री त्या बोर्डावर कित्येक वर्षं चालत होती. कधी काही झालं नव्हतं. वायर सहा मीटर लांब होती. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून जास्तीच्या वायरची गुंडाळी करून मी ती अम्मीच्या गादीखाली सारून दिली होती.

आठ-दहा दिवस रॉड चालला. एकदा अम्मी म्हणाली, ''पाँव कू अच्छा गरम लगता रे.'' गादीखालची वायर कोमट होते आणि थंडीत पायांना बरं वाटतं, असं तिचं म्हणणं. मी हसलो. खरं सांगायचं तर मलाही ते चांगलंच वाटलं.

मग एका पहाटे खोलीत जळका वास सुटला. अम्मी तेव्हा उठून गॅसपाशी भाकरी करत होती, म्हणून वाचली. गादीचं टोक काळं पडलं होतं, आतल्या कापसातून धूर येत होता. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला, गादीवर बादलीभर पाणी ओतलं. प्लग भिंतीतल्या सॉकेटला वितळून चिकटला होता. गुंडाळीच्या वेढ्यांवरचं प्लास्टिक एकमेकांत मिसळून त्याचा एकच गोळा झाला होता. फ्यूज मात्र शाबूत होता.

सकाळी आमच्या गल्लीतल्या वायरमन मामांना बोलावलं. सूतगिरणीत तीस वर्षं वायरिंगचं काम करून ते निवृत्त झाले होते. त्यांनी तो गोळा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

''कवी, या वायरवर आधी काय चालवत होतास?''

''इस्त्री. वर्षानुवर्षं.''

''कितीची?''

''साडेसातशे वॅटची.''

''आणि रॉड?''

''पंधराशेचा. म्हणजे दुप्पट. वायर दुप्पट तापली असेल, एवढंच ना?''

''दुप्पट नाही, चौपट,'' मामा म्हणाले. ''बस खाली. बी.ए. झालास ना? मग भागाकार येत असेल की.''

रेटा, गर्दी आणि बोळ

मामांनी आधी तीन शब्द समजावले. यात्रेचे दिवस होते, त्यामुळं उदाहरण त्यांनी नंदीध्वजांच्या मिरवणुकीतल्या गर्दीचंच घेतलं. मागून लोकांचा जो रेटा येतो, तो विजेचा दाब. त्यालाच आपण व्होल्टेज म्हणतो आणि तो व्होल्टमध्ये मोजतो. आपल्या घरात येणारा दाब २३० व्होल्ट धरलेला असतो. एका मिनिटात एका जागेवरून किती माणसं पुढं सरकतात, तो झाला प्रवाह, म्हणजेच करंट. त्याचं माप अँपिअर. आणि वाट जितकी अरुंद, जितकी लांब, तितका अडथळा जास्त. हा अडथळा म्हणजे रोध, रेझिस्टन्स. त्याचं माप ओहम.

रेटा तोच ठेवून गल्ली अरुंद केली, तर कमी माणसं पुढं जातील. गल्ली तीच ठेवून रेटा वाढवला, तर जास्त जातील. हे समजायला विज्ञान लागत नाही. पण मामांनी पुढं एक गोष्ट सांगितली, ती मी कधी लक्षात घेतली नव्हती. मिरवणूक एकच असते. रुंद रस्त्यावरून मिनिटाला जितकी माणसं जातात, तितकीच पुढच्या अरुंद बोळातूनही जावी लागतात. म्हणून रस्त्यावर मोकळं वाटतं आणि बोळात अंगाला अंग घासून घाम फुटतो. विजेचंही तसंच. रॉडमधून जितका प्रवाह जातो, तितकाच सगळा प्रवाह भिंतीतल्या वायरीतून, प्लगमधून आणि त्या बारीक वायरीतूनही जातो. आणि मिरवणुकीतली माणसं शेवटी आपापल्या घरी पांगतात, तशी वीज पांगत नाही. तिला परत यावं लागतं. म्हणून वायरी दोन लागतात, जायची एक आणि यायची एक.

आता हिशोब. दाबाला प्रवाहानं भागलं की रोध मिळतो. दाबाला प्रवाहानं गुणलं की शक्ती मिळते, म्हणजे वॅट. तेच दोन आकडे, एकदा भागायचे आणि एकदा गुणायचे.

आमच्या रॉडवर १५०० वॅट लिहिलेलं होतं. दाब २३० व्होल्ट. तेव्हा प्रवाह काढायला १५०० ला २३० नं भागायचं. उत्तर येतं सुमारे साडेसहा अँपिअर. आता २३० ला या साडेसहानं भागलं की रॉडचा रोध निघतो, सुमारे ३५ ओहम. इस्त्रीचंही असंच करून पाहा. ७५० भागिले २३०, म्हणजे सव्वातीन अँपिअर. आणि २३० भागिले सव्वातीन, म्हणजे सुमारे ७० ओहम.

इथं मी मामांना थांबवलं होतं. मला वाटत होतं, मोठा रॉड म्हणजे मोठा रोध. उत्तर तर उलटं आलं. जास्त वॅटच्या वस्तूचा रोध कमी! मामा म्हणाले, दाब दोघांनाही सारखाच मिळतो. ज्याची वाट मोकळी, तो जास्त प्रवाह ओढणार आणि जास्त तापणार. १०० वॅटच्या जुन्या काचेच्या बल्बचा हिशोब केला तर त्यातून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जातो आणि त्याचा रोध ५०० ओहमच्या वर निघतो. भिंतीवरच्या लहान सॉकेटवर ६ अँपिअर लिहिलेलं असतं, ते आता तुम्हीही वाचू शकाल. आमचा साडेसहा अँपिअरचा रॉड त्या सॉकेटच्याही कुवतीबाहेरचा होता. त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट हवं होतं.

कुलूपवाल्याचा मुलगा

हा भागाकार ज्याच्या नावानं ओळखला जातो, तो गेओर्ग सायमन ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगन गावी जन्मला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. शाळेत फारसे न गेलेले, पण स्वतः गणित शिकून मुलांना शिकवणारे. ओहम पुढं कोलोन शहरात शाळामास्तर झाला आणि फावल्या वेळात तारांवर प्रयोग करू लागला. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब क्षणाक्षणाला बदलायचा, त्यामुळं मापं जुळेनात. मग त्यानं दुसरी युक्ती वापरली. दोन वेगळे धातू जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, तर थोडा का होईना, पण स्थिर दाब मिळतो. त्या दाबावर त्यानं वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून पाहिल्या आणि चुंबकसूची किती वळते ते मोजलं. तार जितकी लांब तितका प्रवाह कमी, आणि तोही ठराविक प्रमाणात. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं. मायदेशात त्याचं फारसं स्वागत झालं नाही, आणि ओहमनं कोलोनची नोकरी सोडली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कॉप्ले पदक दिलं. म्युनिकच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ साली, मृत्यूच्या दोन वर्षं आधी.

त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या शास्त्रज्ञाला जवळपास हेच सापडलं होतं. त्याच्याकडे प्रवाह मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून तो स्वतःच्या शरीरातून वीज जाऊ द्यायचा आणि झटका किती जोराचा बसला यावरून अंदाज करायचा. त्यानं ते छापलं नाही. मॅक्सवेलनं त्याची टिपणं १८७९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला कळलं. कॅव्हेंडिशची ही पद्धत आपण कुणीही वापरायची नाही, हे वेगळं सांगायला नको. शरीराच्या रोधाकडे मी शेवटी येणारच आहे.

दुप्पट नाही, चौपट

ओहमनं प्रवाह आणि रोध यांचं नातं सांगितलं. वायर किती तापते, हे सांगितलं जेम्स जूल यानं. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या बिअर बनवणाऱ्या व्यावसायिकाचा हा मुलगा. १८४० च्या सुमारास त्यानं पाण्यात तारा बुडवून, त्यांतून प्रवाह सोडून, पाणी किती तापतं ते थर्मामीटरनं मोजलं. त्याला आढळलं की उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. तिप्पट तर नऊपट.

यात गूढ काही नाही. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. आणि दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. दोन्ही एकत्र ठेवले की प्रवाह दोनदा येतो: प्रवाह गुणिले प्रवाह गुणिले रोध.

आता गादीखालच्या वायरीचा हिशोब करू. ती साधारण अर्ध्या चौरस मिलिमीटरची होती. अशा तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०४ ओहम असतो. सहा मीटर जायची आणि सहा मीटर यायची, मिळून बारा मीटर. एकूण रोध सुमारे ०.४८ ओहम, म्हणजे अर्ध्या ओहमच्याही आत. इस्त्री चालू असताना प्रवाह सव्वातीन अँपिअर. त्याचा वर्ग साडेदहा. त्याला ०.४८ नं गुणलं की येतात पाच वॅट. सहा मीटर वायरीत पाच वॅट म्हणजे हाताला जाणवणारही नाही. रॉड चालू असताना प्रवाह साडेसहा, त्याचा वर्ग ४२. गुणाकार करा, वीस वॅट.

वीस वॅट हा आकडा लहान वाटतो. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचं सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचं असतं आणि त्यानं धातू वितळतो. फरक आहे तो उष्णता कुठं कोंडते याचा. वायर मोकळ्या हवेत पसरलेली असती, तर तिची उष्णता निघून गेली असती. मी तिची गुंडाळी केली आणि वर कापसाची गादी ठेवली. वायरीवरचं नेहमीचं प्लास्टिक सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. त्यापुढं ते मऊ पडत जातं, दोन तारा एकमेकींच्या जवळ येतात.

आणि प्लग? त्याची गोष्ट आणखी वाईट. पिना सैल झाल्या, आत काजळी धरली, स्क्रू ढिला पडला, की त्या सांध्याचाही रोध वाढतो. समजा तो अर्धा ओहम झाला. प्रवाह तोच साडेसहा. पुन्हा ४२ गुणिले अर्धा, म्हणजे २१ वॅट. वायरीत जी उष्णता सहा मीटरमध्ये पसरली होती, तेवढीच इथं हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत. म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये आपण एक सोल्डरिंग आयर्नच चालू ठेवून निजतो. उष्णतेनं पितळी पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो, आणि पुन्हा उष्णता वाढते. मिरवणुकीतला अरुंद बोळ तो हाच.

मग फ्यूज का उडाला नाही? हा प्रश्न मी मामांना थोड्या रागानंच विचारला होता. त्यांचं उत्तर ऐकून राग माझा मलाच आला. आमचा मेन फ्यूज १५ अँपिअरचा. तो १५ च्या वर प्रवाह गेला तर वितळणार. रॉड ओढत होता साडेसहा. फ्यूजच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललं होतं. तुमच्या घरातला आजचा एमसीबीही तेच करेल. १६ अँपिअरचा एमसीबी साडेसहा अँपिअरला पडत नाही. पुढं कुणी तीन-चार अँपिअरच्या लायकीची बारीक वायर जोडली आहे, किंवा एखादा सांधा सैल आहे, हे त्याला कळायचा मार्ग नाही. ते आपल्यालाच कळायला हवं. वायर किंवा प्लग हाताला गरम लागणं ही त्याची खूण असते. अम्मीला ती खूण आठ दिवस आधीच मिळाली होती. तिनं मला सांगितलंही होतं. मला ती वाचता आली नाही.

याच वर्गाच्या हिशोबामुळं लांबवर वीज न्यायला दाब प्रचंड वाढवतात. एक लाख वॅट २३० व्होल्टनं न्यायचे तर ४३५ अँपिअर लागतील. ११ हजार व्होल्टनं न्यायचे तर फक्त नऊ. प्रवाह सुमारे ४८ पटींनी कमी, म्हणून त्याच तारांमधला उष्णतेचा तोटा दोन हजार पटींहून कमी. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली, ती याच युक्तीनं. गावाबाहेरच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर त्या मोठ्या दाबाला पुन्हा घरगुती दाबावर आणतो.

दाब उतरला की काय होतं?

ग्रामीण भागातल्या वाचकांचा प्रश्न वेगळा असतो. रब्बीत सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की दाब उतरतो. समजा २३० चे १८० व्होल्ट झाले. रॉडचा रोध तोच, ३५ ओहम. प्रवाह येईल १८० भागिले ३५, म्हणजे पाच अँपिअरच्या थोडा वर. शक्ती १८० गुणिले हा प्रवाह, साधारण ९२० वॅट. दाब पाव हिश्श्यानंही कमी झाला नाही, तरी शक्ती मात्र दीड हजारावरून हजाराच्या खाली आली. इथंही वर्गच आहे.

पंधरा लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला पूर्ण दाबात सुमारे साडेसतरा मिनिटं लागतात. उतरलेल्या दाबात जवळजवळ साडेअठ्ठावीस मिनिटं. पण बिल वाढत नाही. एक हजार वॅट एक तास म्हणजे एक युनिट. पाणी तेवढंच, तापवायचं तेवढंच, म्हणून दोन्ही वेळा अर्ध्या युनिटच्या थोडं आतच खर्च होतो. मीटर खोटा चालतो, असा संशय आला की आधी हा हिशोब करून पाहावा. वॅट गुणिले तास, भागिले हजार.

पंपाच्या मोटारीचं मात्र उलटं असतं. तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून दाब कमी झाला की ती जास्त प्रवाह ओढते. प्रवाह सव्वापट झाला की आतल्या वेटोळ्यांमधली उष्णता दीडपटीहून जास्त होते. कमी दाबात मोटार का जळते, याचं हे उत्तर. आणि म्हणूनच मोटार, पंखा, एलईडी दिवा यांच्या बाबतीत नुसता दाब गुणिले प्रवाह करून वॅट काढू नयेत. त्यांच्यात दाब आणि प्रवाह बरोबरीनं पावलं टाकत नाहीत, त्यामुळं खरे वॅट गुणाकारापेक्षा कमी भरतात. रॉड, इस्त्री, शेगडी, गीझर अशा नुसत्या तापणाऱ्या वस्तूंना मात्र हा हिशोब तंतोतंत लागू पडतो.

आणखी एक गंमत. काचेच्या बल्बचा रोध आपण ५०० ओहमच्या वर काढला. पण तोच बल्ब खाली काढून मीटरनं मोजला तर जेमतेम ४० ओहम दाखवेल. मीटर बिघडलेला नसतो. तापून पांढऱ्या झालेल्या तारेचा रोध थंड तारेच्या दहा-पंधरा पट असतो. म्हणून बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच जातो. थंड तारेतून तेवढ्या क्षणापुरता मोठा प्रवाह धावतो. वस्तू चालू असतानाचा रोध हवा असेल, तर चालू असतानाचा दाब आणि प्रवाह घेऊन भागाकार करणं, हाच खरा मार्ग. प्रवाह मोजायला वायरमनकडे टाँग टेस्टर असतो. त्याचा चिमटा फक्त एकाच वायरीभोवती धरायचा. दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि काटा शून्यावर राहतो. साधा मीटर घेऊन घरच्या विजेचा प्रवाह मोजायला आपण जाऊ नये, ते जाणकाराचं काम.

शेवटचा भागाकार

आता तो राहिलेला हिशोब. माणसाच्या शरीरालाही रोध असतो. कोरड्या, जाड कातडीचा तो हजारो ओहम, कधी त्याहून कितीतरी जास्त असतो. अंग ओलं असेल तर तो हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० ला हजारानं भागा. ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वायर सोडवत नाही. पन्नास-शंभरच्या पुढं काही क्षणांत हृदयाचा ठोका बिघडू शकतो. आपला आकडा त्याच्याही दुप्पट. एका बल्बला लागतो त्याच्या निम्मा प्रवाह माणसाला मारायला पुरेसा होतो, आणि १६ अँपिअरचा एमसीबी तिकडं ढुंकूनही पाहत नाही.

म्हणून रॉड चालू असताना पाणी तापलं का ते बोट घालून पाहायचं नाही. आधी बटण बंद करायचं, प्लग काढायचा, मग हात घालायचा. बादली प्लास्टिकची हवी. अर्थिंग हवं. आणि शक्य असेल तर बोर्डात आरसीसीबी बसवून घ्यावा. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, की हे उपकरण क्षणाच्या आत वीज तोडतं. टेस्ट असं लिहिलेलं त्याचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं.

मामांनी त्या आठवड्यात मोरीजवळ १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं आणि थेट मेन बोर्डापासून अडीच एमएमची वायर ओढली. मजुरी घेतली नाही. 'ईदीत वसूल करीन' म्हणाले, आणि ईदला शिरखुर्म्याचे दोन वाडगे रिचवून गेले. नवी लाइन पहिल्यांदा चालू केली, तेव्हा अम्मीनं वायरीवर हात ठेवून पाहिलं. रॉड दहा मिनिटं चालला होता, तरी वायर गारच होती. ''ये तो ठंडीच है,'' ती म्हणाली. थोडी निराश झाल्यासारखी. मी तिच्या पायांसाठी त्याच दिवशी लोकरीचे मोजे आणले.

आज घरी गेल्यावर, किंवा हे घरीच वाचत असाल तर आत्ताच, एवढं करा. घरातल्या सगळ्यांत मोठ्या तापणाऱ्या वस्तूवरचे वॅट वाचा. त्यांना २३० नं भागा. उत्तर सहाच्या वर आलं, तर ती वस्तू लहान सॉकेटवर किंवा बारीक वायरीच्या बोर्डावर चालवू नका. ती वीस मिनिटं चालल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याला हात लावून पाहा. गरम लागला, तर वायरमनला बोलवा. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस म्हणालं की वायर ऊबदार लागते, तर हसू नका.